तीन दिवस ओट्यावर

मी आणि बारा लिटरचा नवा कुकर एकाच दिवशी त्या घरी पोचलो आणि दोघांनाही दाराबाहेरच्या ओट्यावरच बसवण्यात आलं.

कुकर कुणा देणगीदारानं पाठवला होता, मी मुलाखत देऊन आले होते. माझ्या पर्समध्ये नेमणुकीचं पत्र होतं आणि 'अधीक्षिका' हा शब्द मी डहाणूच्या बसमध्ये दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणून पाहिला होता. दारात एक बुटकी, काटक बाई उभी होती. लुगडं घोट्याच्या बरंच वर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तिनं माझं पत्र हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं.

"तीन दिस ओट्यावर बसा, म्याडम. मग आत."

"का?"

"नवं हाय ना." तिनं एकदा माझ्याकडे बोट केलं, एकदा कुकरकडे. "दोघं बी."

तेवढ्यात आतून एक धिप्पाड माणूस पितळी पेला घेऊन आला. वय चाळिशीचं, उंची दाराच्या चौकटीला टेकणारी आणि नाव लहानू. त्यानं आधी कुकरवर चार थेंब शिंपडले आणि मग उरलेलं पाणी मला दिलं. मान कुणाचा मोठा हे त्याच दिवशी ठरलं. मी तीन दिवस ओट्यावर टेबल टाकून काम केलं. चौथ्या दिवशी सकाळी कुकर आणि मी बरोबरच आत गेलो.

ती बाई म्हणजे आमची बाय. इकडे 'बाय' म्हटलं की त्यात आदरही आला आणि लाडही, म्हणून वयानं माझ्या आईहून मोठी असूनही मी तिच्याबद्दल एकेरीच बोलते. ती मूळची उधव्याकडची, घरची थोडी भातशेती. नवरा गेल्यावर या घरात स्वयंपाकाला आली आणि वीसेक वर्षांत स्वयंपाकीण, परिचारिका, पंच आणि पोलीस असं सगळंच होऊन बसली. घर होतं डहाणूजवळच्या एका चिकूवाडीत. सरकारी कागदावर त्याचं नाव 'प्रौढ दिव्यांगांचे निवासगृह', वाडीतल्या मजुरांच्या तोंडी 'येड्यांचं घर' आणि बायच्या तोंडी नुसतंच 'घर'. तिथे अकरा जण राहायचे. कुणाची समज लहान मुलाएवढी, कुणाला बोलता येत नव्हतं, शेवंतीला तर जोडीला दिसतही नव्हतं. सगळ्यांचे आईबाप गेलेले, नाहीतर थकलेले.

बायचं पहिलं खूळ म्हणजे ती जे करायची ते आधी मोठ्यानं सांगायची. "आता मी दार लावते." "आता मी दिवा घालवते." "आता मी तुझ्या डोक्यावर पानी ओतते, शेवंती, डोळे मीट." सुरुवात शेवंतीसाठीच झाली असणार, पण पुढे ती जिभेला जडलेली सवय झाली. बाजारात गेली तरी तेच. समुद्रकाठच्या वरोरहून येणाऱ्या मासळीवालीसमोर उकिडवी बसून ती जाहीर करायची, "आता मी बोंबील दाबून बघते."

"दाब, बाये, दाब," मासळीवाली म्हणायची. "पन आता मी घेते, असं कवा बोलशील?"

रागावतानाही तोच कायदा. "आता मी रागावते हां," असं म्हणून ती पदर खोचायची, की सगळे आपापल्या जागी सावरून बसायचे. कुणी कानांवर हात ठेवायचं. मग ती मनसोक्त ओरडायची आणि शेवटी "झालं, रागावले" म्हणून भात ढवळायला जायची. त्या घरात कुणाच्याही अंगावर राग अचानक येत नसे. मी पदवी घेताना वर्तनाच्या व्यवस्थापनावर बरीच पानं वाचली होती. हे त्यांत कुठंच नव्हतं.

आता मी दुसरीकडे, एका कार्यालयात काम करते. अजूनही संध्याकाळी दिवे बंद करताना "आता मी दिवा घालवते" असं तोंडून निघून जातं आणि शिपाई माझ्याकडे चमकून बघतो.

दुसरं खूळ ओट्याचं. घरात येणारी प्रत्येक नवी गोष्ट, मग ती चादर असो, बादली असो, डॉक्टर असो की अधीक्षिका, तीन दिवस ओट्यावर पाहुणी म्हणून राहायची. लहानू तिला पाणी द्यायचा. हे त्याचं खास काम, त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्याला चालायचा नाही. मग येताजाता अकराच्या अकरा जण त्या वस्तूला बघायचे, चाचपायचे, कुणी वास घ्यायचं, कुणी तिच्याशी भांडायचं. चौथ्या दिवशी ती आत आली की तिची कुणालाच भीती उरलेली नसायची.

मला हे आधी भाबडं वाटायचं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "बाय, एक साधी बादली आत आणायला तीन दिवस? किती वेळ जातो!"

"नव्याला घाई नसती, म्याडम," ती म्हणाली, "घाई आपल्याला असती."

हे तिचं ठरलेलं वाक्य. मी हसून सोडून दिलं आणि त्याची किंमत लहानूनं भरली.

झालं असं. होळीला बाय चार दिवस उधव्याला गेली होती. वर्षात एवढीच तिची रजा, कारण तिकडे होळी म्हणजे दिवाळीहून मोठी. नेमकं त्याच दिवसांत आमच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी पाणी शुद्ध करणारं मशीन पाठवलं, सोबत बसवणारा माणूसही होता. तो म्हणाला, "आज लावलं तर लावलं, नायतर मी आठ दिवसांनी येईन." मी उत्साहात म्हटलं, लावा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मशीन बसलं, निळा दिवा लागला. जुना माठ मी मागच्या पडवीत झाडांना पाणी घालायला नेऊन ठेवला. मला वाटलं, चला, एक काम झालं.

लहानू पेला घेऊन माठाच्या जागी आला आणि तिथेच थांबला. मी मशीनचं पाणी पेल्यात भरून दिलं, त्यानं ओतून टाकलं. माठ परत आणून जागेवर ठेवला, तर आता त्याचाही त्याला भरवसा राहिला नव्हता. तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला. एक अख्खा दिवस आणि पुढचा अर्धा दिवस त्यानं पाण्याचा थेंब घेतला नाही. शेवटी त्याला दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागलं. सलाइनच्या बाटलीकडे तो ज्या नजरेनं बघत होता ती मी विसरू शकत नाही. माझीच चूक होती आणि ती त्याला सांगण्याचीही सोय नव्हती.

बाय परत आली. मी वाट बघत होते की ती म्हणेल, "आता मी रागावते." ती म्हणाली नाही. तिनं मशीन भिंतीवरून काढायला लावलं, स्वतः उचलून ओट्यावर ठेवलं आणि लहानूला बोलावलं. "लहान्या, पावना आलाय. पानी दे."

लहानूनं मशीनकडे पाहिलं आणि तो आत निघून गेला.

पाणी देणाऱ्या मशीनला पाणी द्यायचं नाकारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. तीन दिवसांनी मशीन आत गेलं, इतर सगळे त्याचं पाणी प्यायला लागले. लहानू मात्र माठाचंच पिऊ लागला. बाय सोडून दुसऱ्या कुणी तो माठ भरलेला त्याला चालत नसे. पुढे दोन वर्षं माठ आणि मशीन समोरासमोर होते आणि लहानू रोज मशीनकडे पाठ करून पाणी प्यायचा.

सेक्रेटरी साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांना जबाबदारीची धास्ती फार. त्यांनी फायलीत नोंद केली, की असा प्रसंग पुन्हा आला तर लहानूला आपल्याकडे ठेवता येणार नाही, त्याला मोठ्या संस्थेत पाठवावं लागेल. ती मोठी संस्था मी पाहिलेली होती. लांब, तीन मजली, खिडक्यांना जाळ्या, एका खोलीत वीस पलंग. तिथे पाण्याचा पेला कुणाच्या हातात असेल, हाच विचार सारखा मनात यायचा.

आणि अशात वाडी सोडायची वेळ आली. वाडीचे म्हातारे शेठ स्वतः सांगायला आले. ओट्यावर बसून त्यांनी डोळे पुसले. "बेन, हवे छोकरा नथी मानता," म्हणाले. मुलं आता त्यांचं ऐकत नव्हती, त्यांना वाडी विकायची होती, त्यात म्हाताऱ्याचं काही चालत नव्हतं. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या रस्त्याला संस्थेची जागा होती. तिथे वर्षभरात नवी इमारत उभी राहिली.

इमारत खरंच चांगली होती. उतरते रस्ते, रुंद दारं, न घसरणाऱ्या फरशा, भिंतींना धरायला दांडे. आम्ही बायला दाखवायला नेलं. ती इमारतीभोवती एक फेरी मारून आली आणि साहेबांना म्हणाली, "ओटा कुठं हाय?"

"ओट्याची काय गरज? रॅम्प आहे ना."

"त्याच्यावरून गाडी जाती. पावना कुठं बसल?"

"प्लॅनमध्ये ओटा नाही, बाय."

बायनं पदर खोचला. "आता मी साहेबाला उलटं बोलते," तिनं आधी जाहीर केलं आणि मग बोलली. "अकरा माणसं नव्या जागी टाकशील, ती काय पोती हायती? भाताचं रोप बी एका वाफ्यातून उपटून दुसरीकडं लावलं, तर चार दिस मान टाकतं. त्याला कोन फायलीत लिवतं का? झालं, बोलले."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत होते, हसू दाबत.

मग ओटा आम्हीच घातला. दर आठवड्याला एक दिवस सगळ्यांना जीपमध्ये घालून तिकडे न्यायचं, संध्याकाळी परत. पहिल्या दिवशी कुणी आत गेलंच नाही, सगळे बाहेर झाडाखाली बसून भाकरी खाऊन आले. दुसऱ्या वेळी शेजारच्या शेतातून माती आणली, त्यात शेण आणि भाताचा तूस घातला. बाय म्हणाली, "लहान्या, तुडव."

लहानूच्या बापाची शेती होती. त्याला ते काम पायांतून आठवलं. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून तो तुडवत राहिला, एका लयीत, कुणाकडेही न बघता. थांब म्हटलं तरी थांबेना. ओटा उभा राहिल्यावर शेवंतीनं तो तळव्यानं सारवला. तिच्या हाताला जो उंचवटा लागायचा तो आम्हा डोळसांना दिसतही नव्हता. इमारतीच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीला तो मातकट ओटा चिकटला तेव्हा इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. मला मात्र तीच एक जागा त्या इमारतीत घरासारखी वाटत होती.

पुढच्या खेपांना मंडळी ओट्यावर बसली, मग व्हरांड्यात, मग खोल्यांत. लहानू दारापर्यंत यायचा, पण आत पाऊल टाकायचा नाही. "येईल," बाय म्हणायची. "माठ आला की येईल. त्याचं घर म्हंजे तो माठ."

थंडीचे दिवस होते. सामान टेम्पोत चढलं, माणसं जीपमध्ये. बाय टेम्पोत बसली, लहानूसाठी थोडं पाणी ठेवलेला माठ मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "बाय, गवतात गुंडाळून ठेवू या, हातात नको."

"नको. मीच धरते."

तलासरी जवळ आली तसा हायवेवर एक ट्रक अचानक आडवा वळला आणि टेम्पोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. आम्ही मागून जीपमध्ये होतो. टेम्पोच्या फळीखालून रस्त्यावर पाणी गळताना मी पाहिलं. जीप थांबवून धावले. बायला लागलं नव्हतं. तिच्या मांडीवर माठाची खापरं होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"बाय, लागलं का?"

तिनं एकेक खापर पदरात गोळा केलं.

नव्या घरी पोचल्यावर तिनं खापरं उतरवून ओट्याच्या कडेला ठेवली आणि ओट्यावर बसली. 'आता मी उतरते' नाही, 'आता मी बसते' नाही. मी त्या घरी गेल्यापासून पहिल्यांदाच ती न सांगता काही करत होती. आत शेवंती भिंतीला पाठ लावून उभी होती, कान बाहेर देऊन. नव्या जागेत तिला वाट दाखवणारा आवाजच बंद झाला होता.

मी धावत तलासरीच्या बाजारातून नवा माठ आणला. बायनं तो माझ्या हातातून घेतला आणि ओट्यावर आपल्या शेजारी ठेवला.

"हा तीन दिस इथं ऱ्हाईल," ती म्हणाली. "मी बी."

"तू का? तू आत चल ना, बाय. लहानूकडे बघ. तो दारातच बसलाय."

"मी नवी हाय," ती म्हणाली. "हे घर मला वळकत नाय. तीन दिस पावनी म्हनून ऱ्हाते, मग उधव्याला जाते. माझ्या हातून माठ फुटला, आता माझ्या हातून काय होनार?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अकरा जणांना नवं घर कसं वाटेल याचा आम्ही वर्षभर विचार केला, बाराव्या माणसाचा केलाच नाही. वीस वर्षं जिथं एका हातानं भात ढवळत दुसऱ्या हातानं सगळ्यांना सावरलं, ते घर तिचंही सुटलं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि मला रडू आलं. ती चष्मा पुसत राहिली.

लहानूनं त्या दिवशी पाणी घेतलं नाही. रात्री दोन घोट पेज तेवढी घेतली. बायही कुणाच्या हातचं पाणी घेईना. मी तांब्या नेला तर म्हणाली, "पावन्याला पानी लहानू देतो." ती मुद्दाम अडून बसली होती, की खरंच कायदा पाळत होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. नंतर विचारलं तेव्हा ती नुसती हसली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेबांचा फोन आला. "लहानू पाणी प्यायला का?"

मी खोटं बोलू शकले असते. "अजून नाही," म्हटलं.

"दुपारपर्यंत बघा. नाहीतर मी मोठ्या संस्थेला गाडी पाठवायला सांगतो. सॉरी, पण मी जोखीम घेणार नाही."

फोन ठेवून मी व्हरांड्यात आले. लहानू दाराच्या उंबऱ्याशी पितळी पेला घेऊन बसला होता. त्याच्यासमोर ओटा, त्यानं स्वतः तुडवलेला. ओट्यावर दोन पाहुणे, नवा माठ आणि बाय. दोघंही कोरडे. त्याच्या हिशेबानं केवढा घोटाळा झाला होता! पाहुणे येऊन एक दिवस उलटला आणि अजून पाणी नाही. तो पेल्यात बघायचा, ओट्याकडे बघायचा, पुन्हा पेल्यात बघायचा.

मग तो उठला. मला वाटलं बाहेर जाईल. तो आत वळला.

उंबरा ओलांडून, व्हरांड्यातून, त्या पांढऱ्या फरशीवरून तो पाय दाबत दाबत चालत गेला. मी त्याच्या मागे. स्वयंपाकघरात वाडीतलंच मशीन आदल्या दिवशी भिंतीवर बसवलेलं होतं, तो त्याच्यासमोर उभा राहिला. दोन वर्षं ज्याच्याकडे पाठ केली, त्याच्याकडे त्यानं तोंड केलं. निळा दिवा लागलेला होता. बराच वेळ तो बघत राहिला. इतरांना ती तोटी दाबताना त्यानं पाठ करूनही पाहिलेलं असणार, कारण त्यानं ती पहिल्याच खेपेला नीट दाबली.

पेला काठोकाठ भरून तो परत निघाला. निम्मं पाणी फरशीवर सांडलं. ओट्याशी येऊन त्यानं आधी माठावर चार थेंब शिंपडले, मग पेला बायपुढे धरला.

बायनं पेला दोन्ही हातांनी घेतला. दोन घोट प्यायली आणि उरलेलं त्याच्यापुढे केलं. "पावन्यानं एकट्यानं पिऊ नये, लहान्या. घे."

त्यानं पेल्यात पाहिलं, बायकडे पाहिलं आणि गटागटा पिऊन टाकलं. मी भिंतीला टेकले.

लहानू मोजून सात-आठ शब्द बोलायचा, तेही कधीमधी. त्यातला एक त्यानं आता काढला. बायचं मनगट धरलं आणि म्हणाला, "आत."

"अजून दोन दिस हायेत रे," बाय म्हणाली.

"आत."

"कायदा हाय ना आपला. तीन दिस."

"आत," लहानू म्हणाला आणि त्यानं हात ओढला.

बायनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नव्याला घाई नसते, बाय. घाई त्यालाच आहे."

ती हसली. ओट्याच्या कडेची खापरं तिनं एका बाजूला सरकवली, पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवला आणि आतल्या शेवंतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आता मी उठते."

आत शेवंतीनं भिंत सोडली आणि आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला.

"आता मी चप्पल काढते," बाय म्हणाली. "आता मी आत येते."